अकरा नंबरची ओक-बुन

वाटी पुढ्यात आली तशी ओक-बुनने दोन्ही हात टेबलाखाली नेले. मी सूप नाही, विंचू वाढला होता जणू.

"मावशी, हे कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? आज नऊ मार्च. यादीत तुझं नाव आहे. वाढदिवसाला शेवाळाचं सूप नाही प्यायचं, तर काय बूट उकळून प्यायचे?"

बाकीच्या बाराजणींनी चमचे खाली ठेवले. चूक माझीच होती. वाढदिवसाला समुद्रातल्या शेवाळाचं सूप हवंच, पण शेवाळ बुळबुळीत. परीक्षेच्या, निवडणुकीच्या, सामन्याच्या आधी ते पोटात गेलं की माणूस घसरतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. जपानच्या स्पर्धेला संघ सहा दिवसांनी निघायचा होता. अशा दिवसांत माझ्या भटारखान्यात शेवाळाचा वाससुद्धा चालत नसे.

"मावशी आपल्याला हरवायला बसली," कुणीतरी म्हणालं. "जपान्यांनी फितवलं वाटतं."

"जपान्यांनी फितवलं असतं तर तुम्हाला पोटभर जेवायला घातलं असतं. जागच्या हलला नसता."

मुली हसल्या. ओक-बुन हसली नाही. वाटी तशीच ठेवून उठून गेली.

महिला व्हॉलीबॉलच्या राष्ट्रीय संघाला मी एकोणीस वर्षं जेवू घातलं. मुली अशा उंच, की भटारखान्यातला दिवा गेला तर मी शिडी शोधत नसे, दारातून जाणाऱ्या पहिल्या मुलीला हाक मारत असे. त्यांच्यातल्या एकीने मारलेला चेंडू खिडकीतून उडून कुस्तीगिरांच्या भाताच्या पातेल्यात पडला आणि त्यांनी तो बटाटा समजून अर्धा खाल्ला, असं मी सांगते. कुस्तीगीर नाकबूल करतात. त्यांची बाजू तुम्ही त्यांना विचारा.

पण ओक-बुनबद्दल कधी कुणी थाप मारली नाही, कारण तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतंच. अकरा नंबर. कायम बाकावर. दोन्ही बाजू तेरा-तेरावर अडल्या की प्रशिक्षक चू तिच्याकडे न बघताच दोन बोटं हलवायचे. ती उठायची, आत जायची, एक सर्व्हिस टाकायची. तिची सर्व्हिस जोरदार नव्हती. चेंडू जाळीवरून जायचा आणि मग पलीकडे उतरावं की नाही, याचा विचार केल्यासारखा हवेत डुलायचा. समोरचीचे हात चुकले की आमचा गुण. नाही चुकले तरी ती परत बाकावर. तीन वर्षं तिचा वाढदिवस कुठल्या ना कुठल्या स्पर्धेच्या तोंडावर येऊन कोरडा गेला होता. मला वाईट वाटलं आणि मी नियम मोडला. दया आली की माझ्या हातून नेहमी काहीतरी सांडतं.

तासाभराने ती भटारखान्यात आली. मी कोळशाच्या वड्या बदलत होते. ती चुलीपाशी उकिडवी बसली आणि ज्वाळेकडे बघत म्हणाली,

"मावशी, ते सूप माझं नव्हतं. ताईचं होतं."

"कुठली ताई?"

"ओक-बुन माझी ताई होती. दोन वर्षांची होऊन गोवराने गेली. तालुक्याचं कचेरीगाव आमच्यापासून दिवसभराच्या वाटेवर. बाबांनी मेल्याची नोंद करायला जायचं टाळलं. वर्षाने मी झाले, तर माझी नोंद करायलाही गेले नाहीत. तिचा जन्माचा कागद होताच घरात. तोच मला लावला."

असं करणारा तिचा बाप एकटा नव्हता. आमच्या गावाकडे पुष्कळ घरांत मेलेल्या लेकराचा कागद पाठच्याला मिळे, थोरल्याचा अंगरखा धाकट्याला मिळावा तसा.

"मग तू तेवीसची नाहीस?"

"वीस. माझा जन्म अकराव्या महिन्यातला. पहिला बर्फ पडला त्या दिवशीचा, एवढंच आईला आठवतं. घरी मला कान्नान म्हणतात."

कान्नान म्हणजे नुकतं जन्मलेलं मूल. ज्या मुलीला नाव ठेवायची कुणी तसदी घेतली नाही, तिला अशी हाक मारतात.

"कुणाला बोलू नका," ती म्हणाली. "परवा चौकशीला राखाडी साहेब येणार आहेत."

तेवढ्यात माझ्या पाठीमागे बादलीची कडी वाजली. दारात यंग-रान उभी होती, मोजे भिजवायला गरम पाणी न्यायला आलेली. यंग-रान एकवीस वर्षांची. आमच्या संघात वय म्हणजे वय. महिनाभराने लहान असलेलीने मोठीची पिशवी उचलायची, गादी घालायची, मोजे धुवायचे. यंग-रानच्या बादलीत तीन वर्षं ओक-बुनचे मोजे होते. त्या दिवशीही होते.

सगळं तिने ऐकलं होतं. पाणी घेतलं आणि निघून गेली. मला वाटलं, झालं, आता ही सांगणार. हिची जागा बाराजणींनंतरची, पहिल्या राखीव खेळाडूची; संघाबरोबर जायची, पण बाकावरही बसायची नाही. बारातली एक गळली तर हिच्यासाठी बाकावर जागा मोकळी.

पुढचे दोन दिवस सराव चालू होता. चू सर टेबलावर उभे राहून चेंडू हाणायचे, मुली फरशीवर लोळून ते उचलायच्या, कमरेची सालं निघायची. त्या सगळ्या धडपडीत यंग-रानचे डोळे ओक-बुनवर. विहिरीच्या तळाशी काही पडलंय का बघावं तसे.

परदेशी जाणाऱ्या प्रत्येक संघाकडे तेव्हा सरकारच्या गुप्तचर खात्याचा एक साहेब यायचा. राखाडी सूट, बुटांवर रबरी बूट, बाहेर चिखल असो वा नसो. जपानमध्ये आपल्या सीमेपलीकडची, उत्तरेच्या शत्रुराज्यातली माणसं भेटतील, गोड बोलतील, त्यांच्याकडून साधा रुमालही घेऊ नका, हे तो सांगायचा. मग एकेकीला बोलावून घरचं विचारायचा. शेगडी फक्त जेवणघरात होती, म्हणून तो तिथेच बसायचा आणि मी पलीकडे मुरवलेले मुळे चिरत ऐकायची. तो कधी आवाज चढवत नसे. कुत्रा भुंकत असला की निदान तो कुठे आहे ते कळतं.

"मेंग ओक-बुन. वय तेवीस," तो म्हणाला.

"हो साहेब."

"वाढदिवस परवाच झाला. काय खाल्लंत?"

"सूप."

त्याने मान माझ्याकडे वळवली. "खरं का, मावशी?"

"दोन वाट्या प्यायली. तिसरी मीच दिली नाही," मी म्हणाले. ते सूप मी मोरीत ओतलं होतं.

"तुमचा मुळा छान मुरलाय," तो म्हणाला आणि एक फोड तोंडात टाकली. ती सावकाश चावून संपवली. मग त्याने फाईल उघडली.

"आमचा माणूस तुमच्या गावी जाऊन आला. पुलाजवळच्या म्हातारीला त्याने विचारलं, मेंगांची ओक-बुन कशी पोर होती? म्हातारी म्हणाली, गोड होती बिचारी. गोवराने गेली. बापाने घोंगडीत गुंडाळून टेकडीवर नेली." त्याने बोटं पुसली. "मग माझ्यासमोर कोण बसलंय?"

त्या वर्षांत हा प्रश्न ज्याला विचारला जाई, त्याच्या घरचे दुसऱ्या दिवसापासून शेजाऱ्यांना दिसेनासे होत. सीमेपलीकडून येणारे हेर मेलेल्यांची नावं घालून येतात, असं भिंतीभिंतीवर लिहिलेलं असे. माझ्या चुलतदिराच्या शाळेतल्या एका मास्तरांना असंच काही विचारायला नेलं होतं. ते दोन वर्षांनी परत आले आणि त्यानंतर त्यांनी फक्त कोंबड्यांशी बोलणं ठेवलं.

ओक-बुनच्या गुडघ्यावरचे हात मला दिसत होते. सर्व्हिसच्या आधी असायचे तसेच, स्थिर.

दार उघडलं आणि यंग-रान आत आली.

"ओक-बुनताई, सर बोलवतायत. तुमच्या सर्व्हिसची वेळ झाली."

साहेबाने तिला जवळ बोलावलं. "तू हिला ताई म्हणतेस?"

"मोठीला ताई नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, साहेब?"

"मोठी आहे हे तुला कसं ठाऊक?"

"तीन वर्षं तिचे मोजे धुतेय मी," यंग-रान म्हणाली. "लहान असती तर धुतले असते का? तुम्ही धुतले असते?"

साहेब हसला. तो हसलेला मी एवढा एकदाच पाहिला. मुळा हातातच राहिला माझ्या.

"नसते धुतले," तो म्हणाला. फाईल मिटली. "शनिवारी हिच्या आईला बोलवा. विमान संध्याकाळचं आहे ना? तोवर होईल."

दुपारी धुण्याच्या हौदापाशी मी मुद्दाम भांडी घासत बसले. यंग-रानने बादली ओक-बुनच्या पायाशी आपटली.

"कार्टे. तीन वर्षं. तुझे ते घामट, नासक्या सोयाबीनसारख्या वासाचे मोजे. हिवाळ्यात बर्फ फोडून धुतले मी."

"यंग-रान—"

"ताई म्हण."

ओक-बुनने इकडेतिकडे पाहिलं. "ताई."

"पुन्हा."

"ताई."

"बस खाली. माझे धू. टाचेकडे नीट चोळ."

ओक-बुन बसली आणि मोजे चोळायला लागली. चोळता चोळता हसू फुटलं, मग ते हसू राहिलं नाही. यंग-रान शेजारी बसली आणि दुसरा मोजा तिने स्वतःच उचलला. हौदावरून उठल्यावर मात्र ती पुन्हा दोन पावलं मागे चालू लागली, ओक-बुनची पिशवी खांद्यावर घेऊन.

"बोलली का नाहीस साहेबाला?" मी तिला नंतर विचारलं.

"मावशी, तेरा-तेरावर मी सर्व्हिस टाकली तर चेंडू जाळीत जातो," ती म्हणाली. "आणि तिला नेलं तर आपल्याला कोण सोडणार आहे?"

शनिवारी आई आली. पहाटेची बस धरून, मेणचटलेली पांढरी चोळी, हातात वाळवलेल्या पेरसिमन फळांची माळ. तिने साहेबाला इतकं वाकून वंदन केलं की अंबाडा सुटला. अंगणात बस उभी होती, मुली सामान चढवत होत्या.

साहेबाने तिला खुर्ची दिली. मी सातूचं गरम पाणी दिलं. ओक-बुन संघाचा निळा कोट घालून भिंतीशी उभी.

"आजी, तुम्हाला दोन मुली झाल्या," तो म्हणाला. "एक गेली. कुठली, ते तुम्ही सांगायचं. तुम्ही सांगाल ते मी लिहीन. फक्त विचार करून सांगा. ओक-बुन गेली असेल, तर ही कोण हे मला शोधावं लागेल. ते आज संध्याकाळपर्यंत होणार नाही. या वर्षातही कदाचित होणार नाही."

आईने पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला. प्यायली नाही. बाहेर चू सर शिट्टी वाजवत होते.

"धाकटी," ती म्हणाली. "धाकटी गेली."

"नाव?"

"कान्नान."

"नोंद?"

"केली नव्हती."

"कधी गेली?"

तिने तारीख आणली नव्हती. मेलेल्या पोरीची तारीख तिला पाठ होती, पण ती आता वापरता येत नव्हती. ती भिंतीशी उभ्या असलेल्या पोरीकडे बघायला गेली आणि मध्येच थांबली.

"अकराव्या महिन्यात," ती म्हणाली. "पहिला बर्फ पडला त्या दिवशी."

साहेबाने लिहिलं. अक्षर सुंदर होतं त्याचं. मग त्याने कागद फिरवला, आईचा अंगठा घेतला आणि लेखणी ओक-बुनपुढे धरली.

"इथे सही. तुम्ही मयताची थोरली बहीण."

ओक-बुनने खाली वाकून सही केली. वेळ लावला नाही. शाई वाळेपर्यंत तिघंही त्या कागदाकडे बघत बसले, आणि मग साहेबाने त्यावर फुंकर मारली. गरम भातावर मारावी तशी, हळू.

मी म्हटलं, सुटलो. पण तो गेला नाही. रबरी बूट चढवून अंगणात बसच्या दाराशी येऊन उभा राहिला, खिशात हात घालून, निरोप द्यायला आल्यासारखा. आई त्याच्या दोन हातांवर. मुली चढल्या, खिडक्या खाली झाल्या, हात बाहेर आले. ओक-बुन तिसऱ्या खिडकीशी बसली होती. माळ तिच्या मांडीवर.

आईने तोंड उघडलं. आधी नुसताच श्वास आला. साहेब तिच्याकडे बघत नव्हता. बसच्या चाकाकडे बघत होता.

"ओक-बुन," आई म्हणाली.

खिडकीतल्या मुलीने वळून पाहिलं नाही. संघात दिवसातून पन्नासदा त्या नावाने हाक यायची आणि ती उडी मारून उठायची. पण या आवाजात तिने ते नाव कधी ऐकलं नव्हतं. तिला वाटलं असावं, आई दुसऱ्याच कुणाला हाक मारतेय. मलाही क्षणभर तेच वाटलं. मी त्यांच्या गावच्या टेकडीच्या दिशेने पाहिलं, जिथे थोरलीला नेलं होतं.

"ओक-बुन, जपून जा हो."

साहेबाने मान वर केली. यंग-रानने शेजारून तिला कोपर मारलं.

"ताई, तुम्हाला बोलवतायत."

ती उभी राहिली. बसच्या छताला डोकं लागत होतं, म्हणून वाकूनच उभी राहिली. दोन्ही हात मांडीला लावले आणि आईला वंदन केलं, परक्या घरच्या वडीलधाऱ्या बाईला करतात तसं, पूर्ण, व्यवस्थित. बस हलली. आईने अंगणातल्या चिखलात पाय जुळवले आणि बस फाटकाबाहेर वळेपर्यंत तशीच वाकून राहिली.