दुसऱ्या रेकॉर्डवरचे ड्रम

दारातल्या टपालफटीची झडप खट्‌कन वाजली आणि पायपुसण्यावर काहीतरी जड पडलं. तोवर घर इतकं गप्प होतं, की ओट्याशी उभी असलेली ग्लेनिस दचकली. तिची नात लेक्सी मोज्यांवर घसरतच दाराशी पोचली.

"नॅना! तुझंच आहे! वर तुझं नाव आहे!"

"असू दे. ठेव तिथंच."

"फोडू?"

"हात धू आधी. लोणी लागलंय."

लेक्सीने हात स्वेटरला पुसले आणि पाकीट फोडलं. आत नमुन्याचं चकचकीत खोकं होतं. ग्लेनिसच्या जुन्या बँडच्या, ब्रँक्सच्या, दोन्ही रेकॉर्डी एकत्र, सीडीवर नव्याने काढलेल्या. काळं कातडं नि लोखंडी खिळे अंगावर घालून चौघीजणी कॅमेऱ्याकडे रागाने बघताहेत; ग्लेनिस ड्रममागे, छातीवर स्टिकांची फुली करून. गरोदरपणाचं पोट दिसू नये म्हणून फोटोवाल्याने तिला ड्रममागे ढकललं होतं. "पोट लपव गं, आपण काय बाळाचं दूध विकतोय का?" असं म्हणून तो हसला होता, आणि खोलीतले सगळे हसले होते. तीही हसली होती. त्या हसण्याचीच तिला आता जास्त शिसारी यायची.

ग्लेनिस स्टॉब्स. वय साठीला टेकलेलं. साऊथ शील्ड्समधल्या शाळेत ती आठवड्याचे पाच दिवस दोनशे पोरांचं जेवण रांधते. त्या पोरांना, त्यांच्या आयांना, कोपऱ्यावरच्या पाववाल्यालाही माहीत आहे, की ही बाई एके काळी ड्रम वाजवायची. कुणी विषय काढला की ती म्हणते, "हो, आणि आता कुकर वाजवते." लोक हसतात, विषय संपतो.

आज मात्र विषय संपणार नव्हता. दोन वाजता लंडनहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस येणार होता, टोबी नावाचा. खोक्यासोबत द्यायच्या पुस्तिकेसाठी त्याला तिची मुलाखत हवी होती. आधी दोनदा तिने नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा हो म्हणाली ती एकाच कारणासाठी. तिला त्याच्याकडे एक गोष्ट मागायची होती.

लेक्सी सीडी लावून, हेडफोन चढवून टेबलाशी बसली. तिची आई शेरिल हॉस्पिटलात नर्स. शनिवारची पाळी असली की पोर इथंच. गेल्या वर्षापासून तीही ड्रम शिकत होती. आताही दोन लाकडी चमचे घेऊन टेबलाच्या कडेवर ठेका धरत होती, आजीसारखीच डाव्या हाताने.

ग्लेनिसने डाळीचा शिजलेला गोळा घोटला, पावाचे जाड काप केले, हॅम काढलं. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. चमचे थांबले.

"नॅना, हे उलटं आहे."

"काय उलटं?"

"पहिल्या रेकॉर्डवर तू रोल घेतलास, सगळ्या ड्रमवरून हात फिरवत, की तो या कानातून त्या कानात जातो. उजवीकडून डावीकडे. दुसऱ्या रेकॉर्डवर सगळे रोल डावीकडून जातात. सगळेच. मी तीन गाणी बघितली."

ग्लेनिसच्या हातातली सुरी थांबली. पस्तीस वर्षांत मासिकवाले, रेडिओवाले, दाढ्या कुरवाळत शहाणपण सांगणारे चाहते, कुणाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

"वायरी उलट्या लावल्या असतील कुणीतरी," ती म्हणाली.

"हो ना? वेडेच असतात," असं म्हणून लेक्सीने पुन्हा चमचे उचलले.

पोरीने किती पटकन विश्वास ठेवला!

वायरी सरळच होत्या. उलटी होती ती ग्लेनिस. डावखुरी म्हणून तिचे ड्रम इतरांच्या उलट मांडलेले असत. शील्ड्सपासून गेट्सहेडपर्यंतच्या कामगार क्लबांत त्यावरूनही थट्टा व्हायची. त्या क्लबांत बाईला सभासद होता येत नसे; कुणा पुरुषाने वहीत सही केली तरच दाराच्या आत. मग गोदीत वेल्डर असलेला ग्लेनिसचा बाप दर शनिवारी कामाच्या कपड्यांनिशी यायचा आणि चार पोरींच्या नावापुढे चार सह्या ठोकायचा. आत पोरी गाणं पेटवत, आणि ऐन रंगात आलेलं असताना कार्यक्रम सचिव टेबलावरची घंटा बडवी. "थांबा गं, थांबा! बिंगोचे आकडे ऐकू येत नाहीत लोकांना!" पोरी थांबत. आकडे संपले की जिथे थांबल्या तिथूनच सुरू करत. त्याचंही त्यांना काही वाटत नसे. गाणारी थेल्मा म्हणायची, "थांबून पुन्हा तिथंच पकडता येणारा बँड जगात एकच. आपला."

बँडला नावही तिनेच दिलेलं. जुन्या काळी टाइन नदीच्या काठच्या गावांत तोंडाळ बाईच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा चढवून, जिभेवर पट्टी दाबून, तिला रस्त्यातून फिरवत. ब्रँक्स म्हणजे तो सांगाडा.

पहिली रेकॉर्ड चालली. दुसरी लंडनजवळच्या एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत झाली. ग्लेनिसला तेव्हा आठवा सुरू होता. अकरा दिवसांत तिने नऊ गाणी वाजवली. पोट आड यायचं म्हणून बसायचं स्टूल वीतभर मागे घेतलं, हात लांबवले, आणि त्या लांबलेल्या हातांतून एक वेगळाच ठेका आला, किंचित मागे रेलणारा, दिवस भरत आलेल्या बाईच्या चालीसारखा. तिला स्वतःलाच तो आवडला. आतलं बाळ रोल सुरू झाला की गप्प व्हायचं आणि संपला की लाथ मारायचं. आयुष्यात एवढं चांगलं आपण ना आधी वाजवलं ना नंतर, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग शेरिल पाच आठवडे आधीच जन्माला आली. ती चार महिन्यांची असताना रेकॉर्ड घरी आली. ग्लेनिसने तिला अंगावर घेतलं, दोन बाजूंना दोन स्पीकर लावले, सुई टेकवली. पहिला रोल डावीकडून उजवीकडे धावला, उजव्या हाताच्या माणसाचा. जोरकस, काटेकोर, ठोकळेबाज. घरात कुणीतरी परका शिरून आपल्या पलंगावर झोपलाय, तसं तिला झालं.

तिने थेल्माला फोन लावला. थेल्मा आधी गप्प, मग रडायला लागली. ग्लेनिस हॉस्पिटलात असताना माल्कमने, म्हणजे रेकॉर्ड करणाऱ्या मुख्य माणसाने, लंडनचा एक ड्रमवाला आणून दोन दिवसांत सगळं नव्याने वाजवून घेतलं होतं. "म्हणाला, तुझं वाजवणं बायकी येतंय. नाही ऐकलं तर रेकॉर्ड निघणार नाही म्हणाला गं." आणि मग घाईघाईने, "पण तुझी टेप ठेवलीय हां. कपाटात. नाव घालून. मी बघितलीय."

त्या कपाटाच्या आधारावर ग्लेनिसने पुढची दोन वर्षं काढली. वेष्टणावर नाव तिचं होतं, त्यामुळे लोकांपुढे तिला त्या माणसासारखं वाजवावं लागलं. ज्याने तिचं सोंग घेतलं, त्याचं सोंग तिने तीन महिने घासून शिकून घेतलं. मग दौऱ्यांवर गाडीच्या मागच्या बाकावर महिने काढले. जाकिटाखाली दूध पाझरून आंबायचं, कातड्याला त्याचा वास धरायचा. पुढच्या रांगेतले बाप्ये 'कपडे काढ' म्हणून ओरडत आणि थुंकत; अशा कार्यक्रमांत थुंकायची तेव्हा टूमच होती. ड्रमच्या कातड्यावर त्या थुंक्या पडत, वाजवलं की उडत, तोंडावर येत. आणि सकाळच्या पेपरात छापून येई, 'ही बाई अगदी पुरुषासारखी वाजवते.' थुंकी तरी पुसता यायची.

कंपनीने एके दिवशी हात वर केले, बँड मोडला. पण गोष्ट उरली. पोटुशी बाई नऊ गाणी वाजवते आणि मग बाळंत होते. ती खरी होती, फक्त त्या रेकॉर्डवर नव्हती. शेरिल आजही आल्यागेल्याला सांगते, "मी आत होते त्यात. नीट ऐका." आणि हे सांगताना तिचा चेहरा असा उजळतो, की ग्लेनिस दर वेळी उठून चहाला आधण ठेवते.

बाराच्या सुमाराला थेल्माचा फोन आला.

"येतोय ना तो पोरगा? नीट बोल हां. खेकसू नकोस."

"मी टेप मागणार आहे, थेल्मा."

पलीकडे सामसूम.

"कसली टेप?"

"कसली म्हणजे? माझी. कपाटातली. आता त्यांच्याकडेच असणार सगळं."

"अगं बये, पस्तीस वर्षं झाली! कशाला उकरून काढतेस? जर्मनीतला संगीत मेळावा आपल्याला बोलावतोय. माझे गुडघे अजून एक उन्हाळा टिकतील फार तर. तू हे बोललीस की सगळ्यांच्या तोंडाला काळं."

"तुझ्या तोंडाला का? तू गायलीयस ना सगळं."

"ग्लेन, ऐक माझं. नको मागूस. तुझ्या पाया पडते."

थेल्मा कधी कुणाच्या पाया पडली नव्हती. क्लबच्या सचिवाच्या डोक्यावर तिने बिअर ओतली होती. ग्लेनिसने फोन ठेवला आणि उगाचच हात धुतले.

टोबी बरोबर दोनला आला. तिशीचा, गोरागोमटा, बारीक मिशी, शब्द मऊ. बूट दाराशी काढून ठेवले. हॅमचा पाव दोन्ही हातांनी धरून खाल्ला आणि मनापासून वाखाणला. लेक्सीला विचारलं, "तूपण आजीसारखी वाजवणार का?" पोर लाजून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. दार अर्धवट उघडंच राहिलं. वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं, आणि ग्लेनिसला त्याचाच राग आला.

त्याने लहानसं यंत्र टेबलावर ठेवलं. "चौथ्या गाण्यापासून सुरू करू या? तो रोल! तुम्ही आठ महिन्यांच्या गरोदर, आणि तो रोल! मी ऐकतो तेव्हा काटा येतो अंगावर. त्या काळातल्या पुरुषांनाही—"

"तो मी वाजवलेला नाही."

टोबीने यंत्राकडे पाहिलं.

"त्या रेकॉर्डवर एकही ठोका माझा नाही, बाळा. मी हॉस्पिटलात होते. दुसऱ्याला आणून वाजवून घेतलं."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता छत कोसळेल. काही कोसळलं नाही. टोबीने हात पुढे केला आणि बोटाच्या टोकाने यंत्र बंद केलं. लहान मुलाचं नाक पुसावं इतक्या हळुवारपणे.

"आम्हाला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"टेपच्या खोक्यावर त्या माणसाचं नाव आहे. ऑफिसात सगळ्यांनाच माहीत आहे. पण ते पुस्तिकेत नको, ग्लेनिस. कृपा करून. लोकांचं तुमच्या गोष्टीवर प्रेम आहे. तरुण मुलींना त्यातून बळ मिळतं. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

बळ! फोटोवाला निदान तिच्या तोंडावर हसला होता. हा तिचाच पाव खाऊन, तिच्याच खुर्चीवर बसून, तिला तिचीच खोटी गोष्ट गोड बोलून पुन्हा विकत होता.

"बरं," ती म्हणाली. "नका घालू. मला पुस्तिकेशी कर्तव्य नाही. मला माझी टेप द्या. नऊ गाणी. कपाटात ठेवली होती, नाव घालून."

टोबीने बंद यंत्र उगाच पुन्हा सरळ केलं.

"वेगळी टेप नाहीये," तो म्हणाला. "मी स्वतः सगळी खोकी उघडलीत. टेप महाग असायची तेव्हा. त्या माणसाने तुमच्यावरच... म्हणजे, त्याच टेपवर, जिथे तुमचे ड्रम होते तिथेच, त्याचे भरले. पुसून."

"थेल्माने बघितली होती."

थेल्माची ती बाराची सामसूम ग्लेनिसला आता पुरती ऐकू आली. तान्ह्या बाळाच्या आईला धीर यावा म्हणून बोललेलं एक वाक्य, आणि ते ग्लेनिसने पस्तीस वर्षं कुलूप लावून जपून ठेवलेलं. तिला थेल्माचा राग यायला हवा होता. पण मिशीला लोणी लागलेल्या या मुलापुढे तिला थेल्माच जवळची वाटली.

"जा आता," ती म्हणाली.

"आपण दुसऱ्या कुठल्या गाण्याबद्दल—"

"बूट घाल आणि जा."

तो गेला. जाताना खोकं नीट सरळ करून ठेवून गेला. ग्लेनिसने त्याची बशी उचलली, उरलेला पाव डब्यात टाकला, बशी घासली, पुन्हा घासली. गरम पाण्याखाली हात लाल झाले तरी ती घासतच राहिली.

मागे चाहूल लागली. लेक्सी दारात उभी होती. पायऱ्यांवरून तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं. हेडफोन गळ्यात लोंबत होते. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. ठेका चुकला की दोन भुवयांमध्ये पडते, तेवढी एक आठी फक्त पडली होती.

"म्हणजे वायरी बरोबर होत्या," ती म्हणाली.

"हो."

"तू खरंच वाजवलं होतंस पण. नऊच्या नऊ."

"नऊच्या नऊ."

"आणि आई ऐकत होती आतून."

ग्लेनिसने मान हलवली. नळ बंद करायचं राहूनच गेलं होतं. वाफेने खिडकी धुरकट झाली. लेक्सी जवळ आली, तिच्या ओल्या डाव्या हाताचं बोट धरून उभी राहिली, आणि तिने विचारलं,

"मग तुझं ते वाजवणं आता कुठे आहे, नॅना?"