सगळ्यांचा ओलावा बारा टक्के

ठकीनं तो तक्ता पाहिला आणि तिला आधी वाटलं, आपलेच डोळे गेले. चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा चढवला. आकडा तसाच. बारा. खाली बारा. त्याच्याही खाली बारा!

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ऑफिसात तिला मॅडम म्हणत. ठकी म्हणणारा जगात एकच माणूस, तिचा मामा. आई गेल्यावर त्यानं आणि मामीनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, शिकवलं, आणि तिची पस्तिशी उलटली तरी त्याच्या तोंडचं ठकी काही सुटलं नाही.

तर ही ठकी आणि तिचे दोन सहकारी, चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि एक कायम रुसलेला प्रिंटर, एवढ्या संसारावर गहू पिकवणाऱ्यांसाठी त्यांनी पोर्टल उभं केलं होतं. काम सोपं. शेतकऱ्यानं मोबाइलवर गव्हाचं वाण टाकायचं, वजन टाकायचं आणि दाण्यातला ओलावा यंत्रानं मोजून टाकायचा. बारा टक्क्यांपर्यंत असला की हिरवी खूण यायची, ‘कोठीत भरायला हरकत नाही’. जास्त असला की लाल, ‘आणखी वाळवा’. पहिल्याच हंगामात तीनशे अकरा जणांनी नोंद केली आणि एकाचाही रकाना रिकामा नाही, हे साहेब भेटेल त्याला ऐकवत सुटले होते.

त्या दिवशी सकाळी साहेबांनाच हुक्की आली. “मॅडम, ओलाव्याचा एक छानसा तक्ता काढा. बैठकीत दाखवतो.”

तक्ता कसला, पडद्यावर एकच उंच खांब उभा राहिला. तीनशे अकरांपैकी दोनशे अडुसष्ट जणांचा ओलावा बरोब्बर बारा. असं कधी होतं का? अहो, एकाच शेतातल्या दोन कोपऱ्यांचा ओलावा सारखा नसतो!

आणि मग ठकीला आठवलं.

आठ महिन्यांपूर्वी फॉर्मची चाचणी चालू होती, तेव्हा मामाच दिवसातून तीनदा फोन करायचा. “ठके, तुझा फॉर्म आहे की गाढव? जागचा हलत नाही!” ओलाव्याचा रकाना रिकामा असला की फॉर्म पुढे सरकत नव्हता आणि मामाकडे तेव्हा यंत्र नव्हतं. चौथ्या फोनला ठकी वैतागली आणि तिनं त्या रकान्यात स्वतःच बारा भरून टाकलं. घ्या, हलवा आता तुमचं गाढव. दोन दिवसांनी काढू म्हणाली. त्यानंतर ते तिच्या डोक्यातून साफ गेलं. लोकांनी फॉर्म उघडला, तर आकडा आधीच भरलेला! त्यांना वाटलं, पोर्टलनंच कुठूनतरी काढला असेल. मग मोजायची यातायात कोण करतो?

“काय झालं गं? पांढरीफटक पडलीस,” शेजारच्या टेबलावरची डिझाइनवाली म्हणाली.

ठकीनं सांगितलं. डिझाइनवालीच्या हातातला पेला टेबलावर आपटला. “म्हणजे या सगळ्यांनी न मोजताच कोठ्या भरल्या?”

मागे साहेब येऊन उभे होते. “हळू बोला,” ते म्हणाले. “तो आकडा गुपचूप काढून टाका. बोभाटा नको.” बघा, माणसाचं डोकं पहिल्यांदा कुठे धावतं ते!

“साहेब, ओला गहू आत तापतो, सडतो. गुपचूप काय?” ठकी एवढं खेकसली की साहेब दोन पावलं मागे झाले. “हिरव्या खुणा बंद कर,” ती डिझाइनवालीला म्हणाली, “आणि यादीत वरून एकेकाला फोन लाव.” स्वतः तिनं मामाची नोंद उघडली. बारा. हिरवी. पाच आठवड्यांपूर्वीची. पावसाच्या धास्तीनं मामानं यंदा कापणी आठ दिवस आधीच उरकली होती. तिनं घाईघाईनं घरी फोन लावला.

“बरं झालं बाई, फोन केलास,” मामी म्हणाली. “हे सकाळपासून कोठीशी झटतायत. खालचं दार उघडलं, थोडा गहू आला नि मग येईचना. आत्ताच सळई घेऊन वरून आत उतरलेत, ढोसायला.”

मामाची कोठी लोखंडी, दोन मजली घराएवढी उंच. ओला गहू तापून वरचा थर आवळतो, गुळाच्या ढेपेसारखा घट्ट होतो. खालून थोडा गहू निघाला की त्याच्याखाली पोकळी तयार होते. वर माणूस उभा राहिला आणि तो थर फुटला, तर माणूस गव्हात गळ्यापर्यंत जातो, नाहीतर त्याच्याही खाली. हे सगळं ठकीनं स्वतः चित्रांसकट पोर्टलवर टाकलं होतं. ते पान आजवर चौघांनी उघडलं होतं.

“मामी, बाहेर काढ त्यांना! आत्ताच्या आत्ता!”

“अहो, ठकी बाहेर या म्हणतेय!” मामी ओरडली. आतून घुमत काहीतरी उत्तर आलं. “म्हणतायत, तूच हिरवं दिलंयस ना, मग कशाला घाबरतेस? दोन ढोसे मारतो नि येतो.”

“मामी, फोनचा आवाज मोठा कर आणि शिडी चढ. पाया पडते तुझ्या, चढ!”

मामीचे गुडघे दुखरे. शिडीची एकेक पायरी ठकीनं कानानं मोजली. सव्वीस. मग फोनमधून मामाचा आवाज जवळ आला.

“काय गं ठके, काय आरडाओरडा लावलायस?”

“मामा, ते बारा खोटं आहे.”

“पोर्टल कशाला खोटं बोलेल?”

“पोर्टल नाही, मी! मी टाकलंय ते बारा, माझ्या हातानं! कुणीही मोजलेलं नाही. गहू ओला आहे, तुमच्या पायाखाली पोकळ आहे. आतल्या भिंतीची शिडी धरा, मामा, आधी शिडी धरा!”

सळई लोखंडावर आपटल्याचा आवाज, मग धप्प, आणि कुणीतरी पोतीच्या पोती ओतत असावं तसा एक लांबच लांब सळसळता आवाज. मामी किंचाळली. ठकीही किंचाळली. ऑफिसातले सगळे फोन हातात धरून तिच्याकडे बघत राहिले.

“मामी! मामी, बोल ना!”

“शिडीला आहेत,” मामी रडत म्हणाली. “शिडीला लटकलेत. खाली काही राहिलंच नाही गं. येतायत वर. या हो, या, हात द्या.”

बऱ्याच वेळानं फोनवर मामाचा श्वास ऐकू आला, धुळीनं खरखरीत. आता शिव्या पडणार, पडू देत, पोटभर पडू देत, असं तिला वाटलं. मामा चिडला नाही. खोकला थांबवून तो हळू आवाजात बोलायला लागला.

“भरायच्या दिवशी मी दाणा दाताखाली धरला होता गं. कटकन फुटला नाही, चेपला. हिला म्हणालोसुद्धा, ओला लागतोय. चाळीस वर्षं असाच बघतोय मी, एकदाही चुकलो नाही. मग मोबाइल उघडला, तर तुझं हिरवं. म्हटलं, पोरगी एवढी शिकलीय, आपलेच दात आता म्हातारे झाले.”



“बरं, ते जाऊ दे,” मामा म्हणाला. “आता राहिलेला गहू बाहेर काढू की तसाच ठेवू? तू सांगशील तसं करतो.”