ड्युलुथचा तारणहार

अमेरिकन फुटबॉलच्या सरावात क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याला, लाल जर्सी घालतात. बाकीचे सगळे निळे नाहीतर पांढरे, हा एकटा लालबुंद. अर्थ साधा आहे: याला हात लावायचा नाही. समोरचा धिप्पाड गडी धावत येतो, आता आदळणारच असं वाटतं तोच बाजूने निघून जातो. फार तर खांद्यावर थाप मारतो. त्यामुळे लाल जर्सीत कुणीही राजबिंडा दिसतो. व्हर्ना टॅकेट इतकी वर्षं एका कोचची बायको होती, आणि तिचं ठाम मत होतं की लाल जर्सीतला क्वार्टरबॅक आणि साखरपुड्यातला नवरामुलगा, यांच्याबद्दल त्या दिवशी काही बोलू नये.

पण ड्युलुथ, उत्तरेकडचं ते सरोवराकाठचं अख्खं गाव, बोललं. नुसतं बोललं नाही, नाचलं.

डेझ फॉन्टेनो नुकता कॉलेजातून आलेला, पार दक्षिणेतल्या लुईझियानाच्या दलदलीकडचा पोरगा. लांब हात, बारीक कंबर, आणि चेंडू असा फेकायचा की जाळीच्या कुंपणाला नाक लावून उभी असलेली माणसं श्वास घ्यायची विसरायची. गावच्या संघाने, आइसब्रेकर्सनी, आदल्या हंगामात दोन सामने जिंकले होते, त्याच्या आदल्या हंगामात तीन. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर सहा फूट चार इंचांची काडी मिळालेली. बेकरीवालीने त्याच्या चेहऱ्याच्या आकाराची बिस्किटं केली. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर पाटी लागली, ‘तारणहार आला आहे. बर्फाची फावडी सवलतीत.’

“ऑगस्टमध्ये फावडी?” डेझने विचारलं होतं.

“बाळा, हे ड्युलुथ आहे,” व्हर्ना म्हणाली होती. “इथे तारणहार उशिरा येतो. बर्फ वेळेवर.”

तिच्या नवऱ्याचा, मर्लचा, बेत वेगळा होता. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच दांडगी माणसं उभी राहतात आणि अंगावर येणाऱ्यांना थोपवून त्याला तीनेक सेकंद मिळवून देतात. तेवढ्यात त्याने लांब बघायचं, पुढे पळालेला आपला मोकळा माणूस हेरायचा आणि चेंडू सोडायचा. आइसब्रेकर्सची ही पाच माणसं कच्ची होती. डावी बाजू तर ओल्या पुठ्ठ्यासारखी. असल्या भिंतीमागे नवं पोर उभं करायचं नाही, एक वर्ष त्याला जुन्या क्वार्टरबॅकच्या, म्हाताऱ्या विल्मर ओस्टबीच्या, हाताखाली बसवायचं, बघू द्यायचं, तोवर भिंत बांधायची, असं मर्लने ठरवलं होतं.

संघाचे मालक लिंडग्रेन यांना पायाच्या आधी कळस हवा होता. “कोच, लोकांनी तिकिटं विल्मरचं टक्कल बघायला काढलेली नाहीत,” ते म्हणाले.

त्या दिवशी मर्ल घरी येऊन बराच वेळ बूट न काढता बसला. मग म्हणाला, “तुला काय वाटतं?”

व्हर्नाला काय वाटत होतं ते वेगळंच होतं. लग्नानंतरचं हे तिचं नववं घर. कोचला काढतात, बायको खोकी बांधते. नवं गाव, नवा डॉक्टर, नवी चर्चची बाकं. पण या घरात पहिल्यांदाच तिने सगळी खोकी उघडली होती. बुधवारी फिनिश बायकांच्या सौनात, त्यांच्या वाफेच्या न्हाणीत, तिला बोलावणं असायचं. आइली निएमी नावाच्या ऐंशीच्या म्हातारीने तर सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, “वरच्या फळीवर, खिडकीकडची जागा व्हर्नाची. तिथे कुणी बूड टेकायचं नाही.” असा मान तिला आठ गावांत कुणी दिला नव्हता. मर्ल साठीला आला होता. इथून काढलं तर पुन्हा फोन वाजणार नव्हता, आणि मग तिच्या बहिणीच्या गावी, टेनेसीला, तळघरातल्या खोलीत जाऊन राहायचं.

“खेळव त्याला,” ती म्हणाली. “मालकाशी भांडून काय मिळवणार आहेस?”

मर्लने बूट काढले.

पहिला सामना त्यांनी जिंकला. दुसराही. दुसऱ्यात डेझने शेवटच्या मिनिटाला मागे पळत पळत असा चेंडू फेकला की संघातल्यांच्या बायकांच्या कक्षात व्हर्नाने शेजारणीच्या मांडीवर कॉफी सांडली आणि शेजारणीने तिचा मुका घेतला. गावात लोक अनोळखी माणसाला मिठ्या मारत होते.

मग नव्याचे नऊ दिवस संपले. पुढच्या संघांनी दोन्ही सामन्यांचं चित्रण बघितलं, डावीकडचा ओला पुठ्ठा हेरला, आणि दर रविवारी तिथूनच माणसं आत येऊ लागली. तिथे लाल जर्सी नव्हती. डेझ पडायचा, उठायचा, हेल्मेटमधलं गवत काढायचा, पुन्हा उभा राहायचा. संघ हरायला लागला.

दर गुरुवारी तो टॅकेटांकडे जेवायला यायचा. खिशात तिखट सॉसची बाटली घेऊन.

“मिस व्हर्ना, रागावू नका,” म्हणत तो तिच्या बटाट्याच्या भाजलेल्या थरांवर ती उपडी करायचा.

“रागावत नाही. मी केलेलं दिसेनासं झालं की मलाही बरं वाटतं.”

“माझी आई म्हणते, उत्तरेकडची माणसं मिठालासुद्धा परवानगी मागून घेतात.”

“तुझ्या आईला सांग, आम्ही मिरीसुद्धा आणलीय. पाहुण्यांसाठी.”

तो खो खो हसायचा. हसताना हल्ली डावी कुशी हाताने दाबून धरायचा. विचारलं तर म्हणायचा, “काही नाही हो, मुंगी चावली.”

मंगळवारी खेळाडूंना सुट्टी असायची आणि मर्ल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून रविवारचा सामना पुन्हा पुन्हा बघायचा. व्हर्ना मागे ओट्याशी असायची. इतक्या वर्षांत तिला बघायची सवय लागली होती. तीही मर्लसारखीच चेंडू सोडून क्वार्टरबॅकचं डोकं बघायची. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी मर्लने एक खेळी थांबवली. मागे नेली. पुन्हा लावली. पुन्हा थांबवली.

पडद्यावर डेझचं हेल्मेट खाली झुकलेलं होतं. तो लांब बघत नव्हता. अंगावर येणाऱ्यांकडे बघत होता.

या धंद्यात त्याला ‘डोळे उतरले’ म्हणतात आणि हळू आवाजात म्हणतात. हाड मोडलं तर जुळतं. पण मार खाऊन खाऊन क्वार्टरबॅकचे डोळे एकदा का लांबवरून पायापाशी आले, की पुन्हा वर जातीलच असं नाही. मग समोर कुणी नसतानाही त्याला माणसं दिसतात. पाचव्या गावी त्यांच्याकडे असाच एक गुणी मुलगा होता. त्याचे डोळे उतरले, आणि दोन वर्षांत तो घरी गेला. तेव्हा मर्ल दुय्यम कोच होता, निर्णय त्याचा नव्हता. आता होता.

मर्लने पडदा बंद केला. व्हर्नाने नळ सोडला. दोघांनी बघितलं होतं, आणि दोघांनाही ठाऊक होतं की दुसऱ्याने बघितलंय.

बुधवारी लिंडग्रेन यांचा फोन आला. मर्ल नुसता “हो”, “हो”, “कळलं” म्हणत राहिला. फोन ठेवून म्हणाला, “रविवारी हरलो तर आपण गेलो. आणि पोराला बसवलं तर जिंकूनसुद्धा गेलो. म्हणे, तारणहाराला बाकावर बसवलेलं त्यांना दिसता कामा नये.”

“असं म्हणाला?”

“हसत म्हणाला.”

गुरुवारी डेझ आला तो दारातूनच बोलत. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असावं. “कोच, मला बसवणार नाही ना? बघा हं, मी सांगून ठेवतो. मी ठणठणीत आहे.”

“आधी जेव,” व्हर्ना म्हणाली.

“जेवतो. पण माझं ऐका. मला आता सगळं समजायला लागलंय. डावीकडून कोण येतंय ते मला न बघता कळतं. पाठीला कळतं! रविवारी त्या पंचाण्णव नंबरवाल्याचे बूट कुठल्या रंगाचे होते तेसुद्धा सांगतो. हिरवे. डाव्याची नाडी सुटलेली.”

मर्लने काटा खाली ठेवला. “तिसऱ्या डावात, ती खेळी,” तो अगदी सहज म्हणाला. “पलीकडच्या कडेला आपला हॉलिस मोकळा होता. दोन्ही हात वर करून उभा होता बिचारा. त्याच्याकडे का नाही टाकलास?”

डेझ हसला. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे मर्लवरून व्हर्नाकडे गेले. “हॉलिस? मोकळा होता?”

मर्लने मान डोलावली.

“थट्टा करताय,” तो म्हणाला. “तिकडे कुणी नव्हतं.”

“भाजी घे,” व्हर्ना म्हणाली. तिने भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

तो गेल्यावर मर्ल भांडी पुसायला उभा राहिला. तीच बशी तो पुसत राहिला. “कदाचित जिंकूसुद्धा,” म्हणाला. “पोरगा अचाट आहे. एखादा लांबचा चेंडू बसला नशिबाने की झालं. डिसेंबरात बघू, मग विश्रांती देऊ.”

व्हर्नाला ते फार पटावंसं वाटलं. सौनातली खिडकीकडची फळी आठवली, बहिणीचं तळघर आठवलं, तिथे कपडे धुवायच्या यंत्राशेजारी पलंग असेल तेही आठवलं. उन्हाळ्यात “खेळव त्याला” म्हणताना तिला हेच सगळं आठवलं होतं, पोरगा नाही. तिने मर्लच्या हातातली बशी काढून घेतली.

“त्याला पंचाण्णवच्या बुटाची नाडी दिसली, मर्ल. आणि हात वर करून उभा असलेला एवढा मोठा हॉलिस दिसला नाही.”

“मी ऐकलं.”

“मग मला का विचारतोस?”

“नाही विचारलं. तूच म्हणशील, खेळव, असं वाटलं.”

“मलाही वाटलं होतं,” व्हर्ना म्हणाली. मग बशी जागेवर ठेवून, “बसव त्याला. खोकी मी बांधते. माझा हात बसलाय त्यात.”

रविवारी विल्मर ओस्टबी टक्कल पुसत मैदानात उतरला आणि स्टेडियमभर हुर्यो उठली. पहिल्या डावातच लोक डेझच्या नावाचा घोष करू लागले. बायकांच्या कक्षात व्हर्नाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या कशा कोण जाणे रिकाम्या झाल्या. डेझ सुरुवातीला मर्लपासून शक्य तेवढा लांब, टोपी नाकापर्यंत ओढून उभा होता. दुसऱ्या डावात विल्मर बाहेर आल्यावर त्याच्यापाशी गेला, काहीतरी विचारून परतला. तिसऱ्या डावात तो टोपी मागे सारून मैदानाच्या कडेच्या रेषेवर आला होता. पण व्हर्नाने त्यावरून काही ताडायचं नाही असं ठरवलं. लांबून माणूस कसाही दिसतो.

ते चार गुणांनी हरले. विल्मरने बरी झुंज दिली. पण त्याच्या हाताला आता लांबचा चेंडू झेपत नव्हता.

सोमवारी सकाळी लिंडग्रेन यांनी मर्लला बोलावलं. कॉफीसुद्धा दिली नाही, नारळ दिला. बुधवारी व्हर्ना सौनात गेली तेव्हा बायका गप्प झाल्या. आइली एकटी म्हणाली, “माझा जावई म्हणतो, तुझा नवरा वेडा आहे.”

“तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, जहाज वळवायचं तर या सरोवरात मैलभर जागा लागते. तुम्ही सगळ्या गावाने मिळून एका पोराला ते दोरी बांधून ओढायला लावलंत.” तिने गरम दगडांवर पाणी ओतलं. वाफ उठली. आणि त्या वाफेत व्हर्ना मनसोक्त रडून घेऊ शकली. तिथे सगळ्यांचेच चेहरे ओले असतात.

शनिवारी दुपारी पहिला बर्फ पडून गेला होता आणि मर्ल घरापुढची वाट साफ करत होता. डेझची गाडी आली. व्हर्ना खिडकीशी वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. तिने खिडकी बोटभर उघडली.

“नवा कोच म्हणतो, उद्या मी खेळणार,” डेझ म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“खेळशील,” मर्ल म्हणाला.

“मला तुमचा राग आलाय.”

“येऊ दे.”

“सगळ्या देशासमोर तुम्ही मला बाकावर बसवलंत. माझ्या आईने टीव्ही बंद केला.”

“तिलाही येऊ दे.”

डेझने बर्फाला लाथ मारली. जाईल असं व्हर्नाला वाटलं. तो गेला नाही. “आणि विल्मरला काही दिसत नाही!” तो एकदम ओरडला. “तिसऱ्या डावात ती खेळी नाही का, डावीकडून दोघं आले ती? हॉलिस मोकळा होता! मी ओरडत होतो!”

मर्लने फावडं थांबवलं. “कुठे होता?”

“कुठे म्हणजे?”

“दाखव ना. मी पंचाशी भांडत होतो, मला दिसलं नाही.”

मर्ल कधी पंचाशी भांडत नसे. डेझने त्याच्या हातातून फावडं हिसकावून घेतलं आणि दांड्याने बर्फात पाच रेघा ओढल्या, मग विल्मरचा खड्डा केला. “हा इथे. हे दोघं असे आले. आणि हॉलिस...” तो रेघांपासून मागे झाला, मान वर केली, आणि दांडा सरळ रस्त्यापलीकडे, शेजाऱ्यांच्या बर्चच्या झाडाकडे रोखला. “तिथे. एकटा.”

“छे. तिथे बचावाचा माणूस होता.”

“नव्हता!”

“होता. तू नीट बघितलं नाहीस.”

“मी नीट बघितलं! तो मधल्या पळणाऱ्याच्या मागे गेला. असा! तुम्हीच म्हातारे झालात, कोच!”

उद्या तो त्याच ओल्या पुठ्ठ्यामागे उभा राहणार होता, आणि उद्यानंतर त्या डोळ्यांचं काय होईल ते व्हर्नाला ठाऊक नव्हतं, मर्ललाही नव्हतं. एक रविवार बाकावर बसून पोराला काय मिळालं असेल, एवढंसं की पुरेसं, ते कुणी सांगावं. बाहेर मर्ल पुन्हा “छे” म्हणाला आणि डेझ हातवारे करत बर्चच्या झाडापर्यंत धावत गेला, हॉलिस कुठे उभा होता ते स्वतः उभा राहून दाखवायला.

व्हर्नाने हातातला कप वर्तमानपत्रातून सोडवला, आणखी दोन सोडवले, आणि कॉफी ठेवली.