चार दशांश स्थळांपर्यंत पुण्य

आमच्या रसायन विभागातली तराजूची खोली एरवी नुसती शांत असते. पंखा बंद, खिडक्या बंद, बोलणं हळू. काचेच्या पेटीतला तो नाजूक तराजू जवळच्या श्वासानंही डळमळतो. त्या सोमवारी मात्र खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पीएच.डी.ची मुलं, एम.एस्सी.ची मुलं, भौतिकशास्त्रातून नुसती गंमत बघायला आलेली मुलं, सगळी एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून उभी. आणि मधोमध खुर्चीवर हलके महाराज!

महाराज म्हणजे आमच्या विभागप्रमुखांचे मेव्हणे. बहिणीकडे पाहुणे म्हणून आले आणि जायचं नावच घेईनात. तिथेच त्यांना साक्षात्कार झाला, की माणसाच्या चिंतेला वजन असतं.

"ठेव बाळा, रोजच्या वापरातली वस्तू ठेव."

एका उंच मुलानं घराची किल्ली ठेवली. आकडा स्थिरावला. महाराजांनी ती दोन्ही तळव्यांत घट्ट धरली, डोळे मिटले आणि पुटपुटले, "जडत्व जा, लघुत्व ये, चिंताकण विरघळू दे..." किल्ली परत तराजूवर गेली. आकडा कमी!

"उतरलं!" सगळी खोली ओरडली.

"काही मिलिग्रॅम चिंता गेली," महाराज गंभीरपणे म्हणाले. "मुरलेल्या चिंतेला दोन बैठका लागतात."

जरा वेळानं आकडा हळूहळू वर सरकायला लागला.

"उचल, उचल! मनात शंका आणलीस बघ. शंका आली की ओझं परत चढतं."

काय सोय होती पाहा! उतरलं तर महाराजांमुळे, चढलं तर तुमच्यामुळे. खुद्द विभागप्रमुख सर आपलं पेन हलकं करून घेऊन लहान मुलासारखे हसत सुटले होते. मलाही हसू आवरत नव्हतं. गर्दीत हसणं फार पटकन लागतं.

माझं हसू थांबलं ते चिमणी पुढे झाली तेव्हा. चिमणी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी, माझ्याहून बरीच लहान. तिचा सगळा प्रबंध एका पांढऱ्या भुकटीवर उभा होता. ही भुकटी हवेतलं पाणी शोषते आणि तापवली की सगळं पाणी सोडून मूळ वजनावर येते, असा तिचा दावा. पण बिचारी तापवून, गार करून, तोलून थकली, तरी वजन दर वेळी थोडं जास्तच. आणि प्रबंध त्याच संध्याकाळी द्यायचा होता.

महाराजांनी तिची बंद कुपी तळव्यांत चोळली. कुपी तराजूवर ठेवताच आकडा उतरला, तोही नेमका हवा तिथे.

"ताई, आला! आला!" चिमणी उड्याच मारायला लागली. "हाच लिहिते."

"आणि परीक्षकांनी विचारलं, कसा आला, तर गं?"

"कृपेनं! ताई, तुम्ही तर जप केल्याशिवाय पाणी पीत नाही. तुम्ही असं विचारावं?"

"म्हणूनच विचारते. माझ्या देवाला मी कधी तराजूत हात घालायला सांगितलेलं नाही."

मी महाराजांपुढे गेले. "महाराज, शक्ती तुमच्या हातात असते की वरून येते?"

"वरून, भगिनी, वरून! हात केवळ निमित्त."

"मग हात गार असले तरी चालेल ना?"

मुलांना हे फारच आवडलं. माझं वाक्य संपेतो शेजारच्या प्रयोगशाळेतून बर्फाच्या पाण्याची बादली आलीसुद्धा. महाराजांनी दाराकडे पाहिलं. दारात भौतिकशास्त्र उभं होतं. निरुपायानं त्यांनी हात बुडवले.

"आई गं!" हा मंत्र मात्र सगळ्यांना कळला.

हात नीट कोरडे केले. किल्ली एव्हाना गार होऊन आपल्या मूळ आकड्यावर आली होती. महाराजांनी ती धरली, दात वाजवत पुटपुटले आणि ठेवली.

"चढलं!"

"महाराज, तुमची चिंता माझ्या किल्लीला लागली की हो!" उंच मुलगा कळवळला.

"वातावरण दूषित आहे," महाराज म्हणाले.

"मग आपण महाराजांशिवायच करून बघू," मी त्या मुलाला म्हटलं. "किल्ली काखेत धर."

"ताई!"

"धर रे."

धरली. जरा वेळानं ठेवली. आकडा खाली!

"उतरलं! माझ्या काखेत साक्षात्कार!" खोलीत असा गोंधळ उडाला की तराजू शहाणा म्हणून गप्प राहिला.

"पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकात काय शिकवतात?" मी विचारलं.

मग सगळे एका सुरात, माना खाली घालून, "गरम वस्तू तराजूवर ठेवू नये."

सरांचा आवाज सगळ्यांत हळू होता. तो धडा तेच शिकवतात.

गरम वस्तूभोवतीची हवा तापते आणि वर जाते; जाताना ताटलीला किंचित उचलते, म्हणून आकडा कमी. वस्तू गार झाली की आकडा परत जागेवर. गारठलेल्या वस्तूचं उलट: हवा खाली उतरून ताटली दाबते, शिवाय थंड धातूवर हवेतलं बाष्प बसतं. एवढंच. यात पाप नाही, शंका नाही, महाराज तर मुळीच नाहीत.

"मेव्हणेबुवा, घरी चला," सर म्हणाले. भौतिकशास्त्रानं वाट दिली.

चिमणी कुपीसमोर उभी होती. आकडा परत वर चढला होता, आणि तिचे डोळे भरले होते. "ताई, मग माझ्याकडे उरलं काय?"

"हाच आकडा. किती वेळा तापवलंस, हाच आला ना? मग थोडं पाणी सुटतच नाही, असं का लिहीत नाहीस?"

ती बघतच राहिली. "म्हणजे... ते पाणी आत अडकून बसलंय?"

"मला काय विचारतेस? भुकटीला विचार."

नाक पुसत, हसत ती सरांच्या मागे धावली. मुदत वाढवून मिळाली. जुना दावा तिनं त्याच दुपारी स्वतःच्या हातानं खोडला, आणि खोडताना गुणगुणत होती.

वाचकहो, माझा जप चालूच आहे आणि चालूच राहील. पण कुणी चमत्कार दाखवला तर एवढं करा: ती वस्तू त्याच्या हातातून घ्या, त्याला बाजूला बसवा, आणि त्याच्याशिवाय तेच घडतं का, ते स्वतः करून बघा. देव यानं रागावत नाही. रागावतात ते महाराज.