न मोजलेल्या अस्वलिणी

ठिकाण: पूर्वेचा कडा

मोजणीच्या तक्त्यात एवढं लिहून कुनिझो फुनायामाने पेन्सिल कानावर खोवली. समोरच्या उतारावर बर्फ अजून मांडीएवढा होता आणि बीचच्या झाडांना पालवी नव्हती. अस्वलं मोजायला एप्रिलातले हेच दहा दिवस. ती बिळातून बाहेर आलेली असतात आणि झाडांनी त्यांना अजून झाकलेलं नसतं. अस्वलं मोजायची आणि सरकारी वन्यजीव समितीने ठरवून दिलेली तीन मारायची, ही दोन्ही कामं गावातले नऊ शिकारी एकाच चढणीत करत आले होते. त्यांच्यात सगळ्यांत तरुण होता तो एक्कावन्नचा. म्होरक्या कुनिझो एकाहत्तरचा.

आज त्याच्या शेजारी मिझुहो काताकुरा बसली होती. अकरा वर्षं ती शहरात बसून याच तक्त्यांवरून अस्वलांचं गणित मांडत आली होती: किती जन्मतात, किती जगतात, पुढे किती उरतील. डोंगरावर ती पहिल्यांदाच आली होती आणि येताना दोनदा पडली होती.

वॉकीटॉकीत पलीकडच्या खिंडीतला तोराजी खाकरला. "काय म्हाताऱ्या, मास्तरीणबाई आहेत का गेल्या दरीत?"

"आहेत. तुझ्यापेक्षा बऱ्या चढतात."

"मग माझ्या जागी त्यांनाच घे. बंदूक देतो, वर गुडघेही देतो."

वेळ: सहा चाळीस. हवा: निरभ्र

"कुनिझोसान," मिझुहो म्हणाली, "गुरुवारी समितीपुढे मला बोलायचंय, आणि तुमच्या बाजूने बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

"का? आकडे पाठवतो की दर वर्षी."

"तिथेच घोडं अडतंय. दर वर्षी तुम्हाला तेरा दिसतात. तीन मारता, दहा उरतात. पिल्लांच्या रकान्यात अकरा वर्षं शून्य. आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा तेरा! म्हणजे माझ्या गणितात दहातली तेरा जगतात."

"मारलेली परत येत असतील."

"हसू नका. समिती म्हणणार, एक तर हे लोक थापा मारतात, नाहीतर या डोंगरात पिल्लंच होत नाहीत. दोन्हींचं उत्तर एकच. वसंतातली शिकार बंद."

कुनिझो हसायचा थांबला. शिकार बंद म्हणजे एप्रिलात कोणी वर येणार नाही. दोन-चार वर्षांत वाटा बुजतील. नऊ माणसं आपापल्या घरात टीव्हीसमोर बसतील आणि एकेक करून संपतील. मग या डोंगरात किती अस्वलं आहेत हे सांगणारं कोणीच उरणार नाही.

दिसलेली अस्वलं:

दोन. मग अजून एक, ओढ्याच्या वर, एकटा नर. कुनिझोने तीन रेघा ओढल्या. दुर्बीण डावीकडे सरकली, क्षणभर थबकली आणि पुढे गेली.

"थांबा," मिझुहो कुजबुजली. "त्या पडलेल्या झाडापाशी, दोन पिल्लं..." तिने हात उचलला.

कुनिझोने तो मनगटाला धरून खाली ओढला. जरा जोरातच.

"बोट दाखवायचं नाही."

"का?"

"पिल्लं असलेल्या आईला बोट दाखवायचं नाही. ज्याला बोट दाखवलं ते मारायचं असतं. तिचं नाव घ्यायचं नाही, तिला मोजायचं नाही. माझ्या बापाने मला हेच शिकवलं."

मिझुहोने मनगट चोळलं.

"अकरा वर्षं मोजल्याच नाहीत?" तिने विचारलं.

"अडतीस. मी म्होरक्या झाल्यापासूनची. त्याआधीचं बापाला ठाऊक."

तिने वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "म्हणजे दर वर्षी वाढणारी तीन ही त्यांचीच मोठी झालेली पिल्लं. अहो, त्या आयाच तर हव्यात मला! नर कितीही असोत, डोंगर आयांवर चालतो. एक अस्वलीण मरेपर्यंत आपल्या जागी एक जगणारी मादी ठेवते की नाही, सगळं गणित तेवढ्यावर उभं आहे. आणि तुम्ही नेमक्या त्याच..."

"आकडा वाढला तर खालच्या गावांतले लोक जादा परवाने मागतील. पिंजरे लावतील. पिंजऱ्याला आई कळत नाही."

"मागतील," मिझुहो म्हणाली. "मी आया वेगळ्या मांडीन. त्यांना हात लावला तर काय होईल, तेही आकड्यांत दाखवीन. पण समिती काय ऐकेल याची हमी मी देणार नाही."

पडलेल्या झाडापाशी अस्वलीण बर्फ उकरत होती. एक पिल्लू तिच्या पाठीवरून घसरलं, पुन्हा चढलं.

कुनिझोने दुर्बीण मांडीवर ठेवली.

"लिही. आज एक. पिल्लं दोन."

मग तो थांबलाच नाही. कागदावर नव्हतं म्हणून डोक्यातून गेलं नव्हतं. शाळा बंद झाली त्या वर्षी चार आया. पूल वाहून गेला तेव्हा दोन, एकीला तीन पिल्लं. बीचला फळ धरलं नाही त्याच्या पुढच्या वसंतात एकही नाही. बायको गेली त्या वर्षी पाच. तेव्हा तो रोजच वर येऊन बसायचा. मिझुहो भराभर लिहीत होती, बोटं गारठली की काखेत धरत होती.

"आणि मेलेल्या?" तिने मान वर न करता विचारलं. "या सगळ्यांतली तुमच्या गोळीने एकही मेली नाही ना? समितीला पाठवलेल्या पत्रात तसंच आहे."

पत्र कुनिझोने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आम्ही आईला मारत नाही. गावाजवळ अभिमानाने सांगण्यासारखं तेवढंच होतं, आणि नऊही जणांनी त्याखाली सहीच्या जागी आपापले शिक्के मारले होते.

मृत्यू:

कुनिझोने त्या रकान्यावर अंगठा ठेवला.

"एक," तो म्हणाला. "पण तू लिहायच्या आधी ते मी त्यांना सांगायला हवं."

त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "सगळे ऐका. तीस वर्षांपूर्वी, तोराजी, तू खालच्या टप्प्यावर होतास, धुकं होतं. माझी गोळी चुकली म्हणून मी सांगितलं होतं. चुकली नव्हती. एकटी आहे समजून मारली. ती दरीत गेली, आणि पिल्लं बीचच्या मुळाशी बसली होती. मला पत्रातून ते वाक्य काढायचंय. शिक्के तुमचेही आहेत, म्हणून सांगतो."

नुसती खरखर ऐकू येत होती. कोणी बटण दाबलं, सोडलं. कोणी खोकलं.

मग तोराजीचा आवाज आला. चेष्टा त्यात कुठेच नव्हती.

"पिल्लं किती?"

"दोन."

"त्याच वर्षीची?"

"मांजराएवढी होती. दुधावरची."

पुन्हा खरखर. समोर अस्वलीण पिल्लांना घेऊन धारेपलीकडे उतरली आणि उतार मोकळा झाला.

"मास्तरीणबाई ऐकताहेत का?" तोराजी म्हणाला. "त्यांना सांग, एक लिहू नका. तीन लिहा."

मिझुहोने तीन लिहिलं.