पडद्यामागची जागा

टेलरमामांचं दुकान एवढंसं होतं, की गिऱ्हाईकानं आत येऊन जांभई द्यायची तर आधी मामांना विचारून द्यावी. एक शिवणयंत्र, एक कापड बेतायचं टेबल, भिंतीवर इस्त्री करून टांगलेल्या वर्द्या आणि कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा लावलेली जागा. त्या जागेत माणूस सरळ उभा राहिला तर ठीक. पँट चढवायला वाकला की डोकं तरी भिंतीवर आपटणार, नाहीतर बूड तरी पडद्याबाहेर येणार. तरी शेजारच्या पोलीस ठाण्यातल्या झाडून सगळ्यांच्या वर्द्या मामाच शिवायचे, आणि कोणाचीही कधी तक्रार नव्हती.

त्या दिवशी दुपारी पडद्यामागे चिमणी होती. ठाण्यातली शिपाई. अंगानं बारीक म्हणून पहिल्याच आठवड्यात तिला हे नाव पडलं आणि चिकटलं. तिची नवी पँट मामांनी लांडी केली होती, आणि ती आता ती घालून बघत होती. एक पाय आत, एक बाहेर, अशा अवस्थेत असतानाच दुकानात बूट वाजले.

आलेले होते फौजदारसाहेब. ठाण्यात त्यांना मागून 'तोफ' म्हणत, कारण साहेब कुजबुजले तरी समोरच्या बेकरीत ऐकू जायचं. आदल्या दिवशी परेडमध्ये सलाम ठोकताना त्यांची पँट मागून फाटली होती. सगळ्यांसमोर! हसलं कोणी नाही, पण न हसण्याचा आवाजसुद्धा कधीकधी मोठा होतो. पोट वाढलं होतं साहेबांचं आणि राग आला होता मामांवर.

"हे काय शिवलंस रे? पँट की पिशवी?"

आता मामांनी गप्प बसायचं की नाही? पण मामांची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा जास्त चालायची. ते म्हणाले, "साहेब, कापड होतं तेवढंच आहे. तुम्हीच जरा जास्त झालात."

फाडकन आवाज आला. मग टेबल सरकल्याचा, मग शिवणयंत्र धाडकन खाली पडल्याचा, आणि मग मामांचा. यंत्र त्यांच्या हातावर पडलं होतं. तोफसाहेब चार शिव्या देऊन निघून गेले.

चिमणी पडद्यामागे तशीच उभी होती. भर बाजारात चोराच्या मागे धावून त्याला कॉलरला धरून आणणारी ही पोरगी! अशा अवस्थेत बाहेर कशी जाऊ, असं तिनं मनाला सांगितलं. पण ते काही खरं कारण नव्हतं. ती घाबरली होती. बाहेर आली तेव्हा मामा जमिनीवर बसून सुजलेला हात बघत होते.

"मामा, मी सांगते. मी सगळं ऐकलं, फटीतून पाहिलं."

"तू काही पाहिलं नाहीस," मामा म्हणाले. "तू इथं नव्हतीसच, पोरी. त्याच ठाण्यात तुला रोज बसायचंय. जा, दवाखान्यात मला बेकरीवाली नेईल."

मामांचा हात मोडला होता. त्यांनी तक्रार केली, ती थेट वर गेली. लगेच तोफसाहेबांनी उलटी तक्रार ठोकली: टेलर कात्री घेऊन अंगावर धावून आला, झटापटीत यंत्र पडलं. म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्याही तोफेच्या आवाजात. पोलिसावर हत्यार उगारलं असं ठरलं तर मामा सरळ तुरुंगात जाणार होते. दुकानाला त्याच संध्याकाळी कुलूप लागलं.

ठाण्यात या बाबतीत एक रीत होती. तिला ते 'खांदा देणं' म्हणत. आपला माणूस अडचणीत आला की बाकीच्यांनी जबाब द्यायचा, 'मी तिथंच होतो, चूक समोरच्याची होती.' प्रत्यक्षात तुम्ही कुठे होतात हे विचारायचं नाही, आणि सांगायचं तर मुळीच नाही. ही सगळी व्यवस्था बघायचे दादा हवालदार. माणूस वाईट नव्हता. कोणाचं लग्न असो, कोणाची आई आजारी असो, दादा सगळ्यांच्या आधी हजर. पण खांदा द्यायची वेळ आली की त्यांना खरंखोटं दिसायचं बंद व्हायचं, आपलं आणि परकं एवढंच दिसायचं.

"नऊ जण झाले," दादा खुशीत म्हणाले. "एकजण टेबलापाशी, एकजण इस्त्रीपाशी, दोघं यंत्राशेजारी... चिमणे, तू कुठे उभी राहतेस?"

"जागा उरलीय का?" चिमणी म्हणाली.

दादांनी खरोखरच डोकं खाजवून विचार केला. "पडद्यामागे लंबूला टाकलाय. तुला दाराबाहेर धरू. उद्या जबाब दे."

चिमणी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मामांचा जबाब तिनं वाचला होता. त्यात मामांनी म्हटलं होतं, 'दुकानात मी आणि साहेब, दोघंच होतो.' मोडक्या हाताचा माणूस तुरुंगाच्या दारात उभा राहूनही तिचं नाव घेत नव्हता.

घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. नवरा बसवर चालक, तो संध्याकाळच्या फेरीवर. चिमणी शेजारी बसली, मटार सोलायला लागली, आणि दाणे कचऱ्यात आणि सालं पातेल्यात टाकायला लागली.

"काय झालंय ते बोल, नाहीतर ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "उद्या सालांची भाजी खायची नाही मला."

चिमणीनं सगळं सांगितलं. खांदा देण्याची गोष्ट ऐकून सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"खांदा मेल्यावर देतात गं. तुमचा साहेब चांगला धडधाकट आहे, नुसती पँट फाटलीय त्याची."

"हसू नका हो आई. खरं बोलले तर ठाण्यात कुत्रं विचारणार नाही मला. नोकरीसुद्धा जाईल कदाचित."

"गेली तर गेली. आपण दोघी घरी बसून निवांत भांडू. हल्ली तुला वेळच नसतो." एवढं बोलून सासूबाईंनी पातेल्यातली सालं वेचायला घेतली. मग हळूच म्हणाल्या, "मला भीती वाटते तुझ्यासाठी, हे खरं आहे. पण त्या माणसाचा हात मोडलाय."

दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी बाहेरून एक अधिकारी बाई आल्या. गुडघा दुखरा, हातात काठी, चेहरा एकदम गरीब. त्यांनी नऊही जबाब ऐकून घेतले. एकदाही टोकलं नाही. दादा हवालदार मनात म्हणाले, झालं, काम फत्ते. तेवढ्यात बाई काठी टेकत उठल्या.

"चला, दुकानात जाऊ. जो जिथे होता तिथे उभा राहील. मला नीट समजेल."

कुलूप उघडलं. रस्त्यावर ही गर्दी! बेकरीतले लोक पावाचे ट्रे घेऊनच बाहेर आले. गर्दी आवरायला चिमणीला दारापाशी उभं केलं होतं.

पहिले तिघं आरामात आत गेले. चौथा इस्त्रीपाशी गेला तेव्हा पाचव्याला टेबलावर चढावं लागलं. सहावा आणि सातवा यंत्राच्या दोन बाजूंना एकमेकांना मिठी मारल्यासारखे उभे राहिले. लंबू घुसला पडद्यामागे. त्याचं डोकं पडद्याच्या वर आणि बूट पडद्याच्या खाली. नववे दादा, ते उंबऱ्यावर अडकले. तोफसाहेबांना पोट आत घेऊन आडवं सरकावं लागलं.

"छान," बाई दारातून म्हणाल्या. "टेलरमामा, आता तुम्ही कात्री घेऊन यांच्या अंगावर धावून या बघू."

गळ्यात हात बांधलेले मामा रस्त्यावर उभे होते. "धावू कुठून बाई? मला पाय ठेवायला जागा नाही."

गर्दीत खसखस पिकली. आतून दादांचा दबलेला आवाज आला, "बाई, तेव्हा आम्ही जरा श्वास रोखून उभे होतो."

"बरं. मग आता रोखा."

नऊ जणांनी श्वास रोखला. टेबलावरचा शिपाई तेवढ्यात शिंकला आणि दोन वर्द्या खुंटीसकट खाली आल्या. पण दादा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते म्हणाले, "आत कोण आणि बाहेर कोण, यात एखाद्याची गफलत झाली असेल. घाईगर्दीत होतं तसं. पण कात्री सगळ्यांनी पाहिली. हो की नाही रे?"

"होऽऽ!" आतून एकसुरात आवाज आला.

बाईंनी मान डोलावली. जागा कमी आहे म्हणून माणूस खोटा ठरत नाही, एवढं चिमणीलाही कळत होतं. नऊ तोंडं एकीकडे आणि एकटे मामा दुसरीकडे. मामांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुद्दाम पाहत नव्हते ते.

"सगळ्यात स्पष्ट कोणाला दिसलं?" बाईंनी विचारलं.

"मला!" पडद्यावरून लंबू म्हणाला. "मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत इथंच होतो. जागचा हललो नाही."

मग चिमणीचा आवाज निघाला, आणि तिच्या अंगाच्या मानानं तो चांगलाच मोठा निघाला.

"लंबूदादा, तुम्ही तिथं होतात?"

"होतो म्हणजे! पूर्ण वेळ!"

"मग मला कसे दिसला नाहीत? मी तिथं पँट बदलत होते."

अख्खा रस्ता एक पाऊल पुढे सरकला. आणि समोरच्या बेकरीच्या पायरीवरून एक आवाज आला. "अहोऽऽ!"

बेकरीवाली ही लंबूची बायको.

पुढचं सगळं इतक्या झटपट झालं, की सांगायला दम लागतो. पडदा दांडीसकट तुटून आला आणि पडदा अंगावर घेतलेला लंबू टेबलाखालून, दादांच्या तंगडीवरून रस्त्यात पोचला. "नव्हतो! देवाशप्पथ नव्हतो! मी त्या दिवशी इथं आलोच नाही! सासुरवाडीला भिंत रंगवत होतो, विचारा हिला!"

"रंगवत होते!" बायको कडाडली. "आणि तीही अर्धीच रंगवली!"

एक जबाब उसवला की बाकीचे टाके कुठले राहायला? इस्त्रीपाशी उभा असलेला म्हणाला, त्या वेळी मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडलो होतो. मिठीतले दोघं म्हणाले, आम्ही चौकात गाड्या अडवत होतो. टेबलावरचा नुसताच म्हणाला, "मला उतरवा आधी." आत शेवटी एकटे तोफसाहेब उरले. एवढी मोकळी जागा झाली, तरी ते भिंतीला चिकटूनच उभे होते.

बाईंनी चिमणीला जवळ बोलावलं. चिमणीनं थप्पड सांगितली, यंत्र सांगितलं, हात सांगितला. मग थांबली आणि म्हणाली, "आणि मी बाहेर आले नाही. तेही जबाबात घ्या." एवढं बोलताना मात्र तिचा आवाज चिमणीचाच झाला.

बाई मामांकडे वळल्या. "ही आत होती, तर तुम्ही सांगितलं का नाही?"

"तिची नोकरी आहे, घरात माणसं आहेत. माझं काय, दुकानाला कुलूप लागलंच होतं."

"म्हणजे खोटं तुम्हीही बोललात."

"बोललो बाई," मामा म्हणाले. "पण मी एकट्यानं बोललो. नऊ माणसं नाही गोळा केली."

बाईंच्या गरीब चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

मामांवरचा आरोप गळून पडला. तोफसाहेब निलंबित झाले, त्यांच्यावर खटला उभा राहिला. खोटे जबाब देणाऱ्यांची चौकशी लागली आणि पगारवाढ थांबली. चिमणीला मात्र कोणी शाबासकी दिली नाही. ती आली की ठाण्यातलं बोलणं थांबायचं, चहा आला की तिचा कप तेवढा राहून जायचा. तिला वाईट वाटायचं. का नाही वाटणार? सासूबाईंनी तिला थर्मास भरून द्यायला सुरुवात केली. "मोठा दिलाय," त्या म्हणाल्या. "कोणी मागितला तर दे. लाजत मागतील, पण मागतील."

पहिला कप लंबूनं मागितला. बायकोनं त्याला घरी चहा बंद केला होता.

हात बरा झाला तसं मामांनी दुकान उघडलं. चिमणीची पँट अजून तिथंच पडली होती. ती घालून बघायला ती नव्या पडद्यामागे गेली. एक पाय आत, एक बाहेर, आणि दुकानात बूट वाजले. तिचा हात जागच्या जागी थांबला.

बूट होते दादा हवालदारांचे. हातात बिनबटणाचा शर्ट. बराच वेळ ते नुसते शर्टाची घडी करत आणि मोडत राहिले. मामांनी मान वर केली नाही.

"मामा," दादा शेवटी म्हणाले. "मी त्या दिवशी इथं नव्हतो."

"माहीत आहे मला," मामा म्हणाले. त्यांनी शर्ट घेतला आणि सुईत दोरा ओवला. "असतास तर बरं झालं असतं. तू थांबवलं असतंस त्याला."

एवढा मोठा हवालदार, पण त्याचे डोळे भरून आले. मामांनी दादांकडे स्टूल सरकवलं.

पडद्यामागे चिमणीनं दुसरा पाय आत घातला, पट्टा आवळला आणि पडदा सर्रकन बाजूला केला. दादा स्टुलावरून पडता पडता वाचले.

"अगं, तू इथं?"

"हो दादा," चिमणी म्हणाली. "आज मी इथं आहे. चहा घेणार?"