फळ्यावरचं बिकॉज

मित्रांनो, मी लोणीच्या शाळेतला जुना लाकडी फळा. गावच्या सुतारानं मला आंब्याच्या लाकडातून घडवलं. जुन्या सेलमधली काळी पूड कुटून मुलं मला दरवर्षी रंगवत आणि मी नवरदेवासारखा मिरवत असे. पुढे वर्गात मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी ओसरीवर झाली. पोरं मला सायकली टेकवू लागली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! पण समृद्धी मॅडमनी शाळा सुटल्यावर इंग्रजीचा वर्ग काढला, तो माझ्यापुढेच.

बिकॉज, सिन्स, अ‍ॅज. तिन्ही कारण सांगणारे शब्द. कुठे कोणता वापरायचा, यात भलेभले गडबडतात. मी मात्र ऐकून ऐकून तरबेज झालोय.

त्या वर्गातल्या आशाला नर्सिंगला जायचं होतं. मधलं एक वर्ष शाळा का बुडली, ते अर्जात इंग्रजीत लिहायचं होतं. कारण पटलं तरच मुलाखतीला बोलावणार होते. तिनं माझ्यावर कच्चं लिहिलं, "अ‍ॅज देअर वॉज अ प्रॉब्लेम अ‍ॅट होम..."

मॅडम म्हणाल्या, "अ‍ॅज, सिन्स शोभतात ते समोरच्याला आधीच ठाऊक असलेल्या कारणाला. तुझं कारण त्यांना कुठं ठाऊक आहे?"

आशानं मान खाली घातली. "मेंढरं राखत व्हते असं कसं लिहू, मॅडम? हसतील."

तिला न्यायला आलेले तिचे वडील, जानकू, काठी घेऊन पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "पोरी, बेल्ह्याच्या बाजारात मेंढीचं वय गिऱ्हाईक दात बघून वळखतं. पण ती का इकतोय, ते आपुनच सांगायचं. न्हाई सांगितलं, तर त्याला वाटतं मेंढीतच खोट हाय. माझा पाय मोडला, तू कळप सांभाळला. यात लाजायचं काय?"

आशानं ओळ पुसली. ठळक अक्षरात 'बिकॉज' लिहिलं आणि पुढे वडिलांचा पाय, मेंढरं, सगळं मांडलं. माझा ऊर भरून आला.

नंतर तिनंच ओसरीवर येऊन मॅडमना सांगितलं, मुलाखतीत तिला पहिलाच प्रश्न आला, "आजारी मेंढी कशी ओळखायचीस?" आशा बोलतच राहिली. तिला प्रवेश मिळाला.

मित्रांनो, ओसरीवर पावसाची झड येते, माझं लाकूड फुगतं. मला आत घ्या, काळ्या रंगाचा एक हात द्या. का, ते मी आपणहूनच सांगतो. अजून पुष्कळ पोरांची खरी कारणं माझ्यावर लिहायची राहिली आहेत.